ताटातूट झालेल्या तिबेटी कुटुंबांची हकिगत कशी नोंदवावी

नागपुरात दिवाळीच्या सुमारास तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकाने लागतात आणि संक्रांतीनंतर काही दिवसांत ती उठतात. लुधियानाहून माल आणून येथे विकणाऱ्या या लोकांशी आपला संबंध बहुधा भाव करण्यापुरताच राहतो. दुकानाच्या मागच्या बाजूला माळ जपत बसलेल्या आजी किंवा आजोबा १९५९ नंतर हिमालय ओलांडून आलेल्या पिढीतले असू शकतात आणि त्यांचे भाऊ, बहिणी, कधी आईवडीलसुद्धा चिनी कम्युनिस्ट राजवटीखाली तिकडेच राहिलेले असू शकतात, हे आपल्या मनात सहसा येत नाही. १९५९ साली जे मूल बारा वर्षांचे होते ते आज ऐंशीला टेकले आहे. त्यांच्या आठवणी टिपून ठेवायच्या असतील तर हाताशी असलेला वेळ थोडा आहे.

या कामाला घाईचे आणखी एक कारण आहे. पूर्व जर्मनीची राजवट कोसळल्यावर तेथील नागरिकांना जानेवारी १९९२ पासून गुप्तचर खात्याने आपल्याविषयी ठेवलेल्या फायली वाचायला मिळू लागल्या. कोणी कोणाविषयी काय सांगितले, कोणाला केव्हा उचलले, हे कागदावर पाहता आले. तिबेटी कुटुंबांसाठी असे कोणतेही दप्तर उघडलेले नाही. कोण पकडले गेले, कोण वाटेत मागे राहिले, कोणाचे पत्र केव्हा बंद झाले, याचे दप्तर म्हणजे या वृद्धांची स्मरणशक्ती. पुढील सूचना इतिहासाचे विद्यार्थी, शिक्षक आणि आपापल्या ओळखीच्या तिबेटी कुटुंबाची हकिगत लिहून ठेवू इच्छिणारे कोणीही नागपूरकर यांच्यासाठी आहेत.

आधी काळाचा सांगाडा डोक्यात बसवावा

मुलाखतीला जाण्यापूर्वी घटनाक्रम पाठ असला पाहिजे, कारण समोरची व्यक्ती सनावळी सांगणार नाही. ती म्हणेल, "चिनी आमच्या खोऱ्यात आले तेव्हा", आणि हे 'तेव्हा' खोऱ्याखोऱ्यानुसार बदलते. चिनी सैन्याने ऑक्टोबर १९५० मध्ये द्रिचू नदी, म्हणजे यांगत्सेचा वरचा प्रवाह, ओलांडून पूर्व तिबेटमधील चाम्दोवर चाल केली. २३ मे १९५१ रोजी तिबेट चीनचा भाग असल्याचे लिहून घेणारा सतरा कलमी करार झाला. ल्हासा आणि मध्य तिबेटमध्ये त्यानंतरची काही वर्षे वरवर तरी शांततेची गेली. मात्र पूर्वेकडील खाम भागात, जो आज बराचसा सिचुआन प्रांतात मोडतो, सुधारणांच्या नावाखाली जमिनी आणि मठांची मालमत्ता काढून घेण्याचे काम १९५५-५६ मध्येच सुरू झाले आणि तेथे बंड पेटले. खाममधील कुटुंबाची ताटातूट त्यामुळे १९५६ पासून सुरू झालेली असू शकते, तर ल्हासाकडच्या कुटुंबाची १० मार्च १९५९ च्या उठावानंतर. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा ल्हासातून निघाले आणि ३१ मार्चला तवांगच्या बाजूने भारतात आले; त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार लोक आले.

ताटातूट एकदाच झाली असे मात्र समजू नये. माझ्या मते नोंद करणाऱ्याच्या हातून सर्वांत जास्त जे निसटते ते हेच. सीमा ओलांडताना घर एकदा फुटले. भारतात आल्यावर आसामातील मिसामारी आणि बंगालमधील बक्सा येथील छावण्यांतून लोकांना हिमालयातील रस्त्यांच्या कामावर पाठवले गेले. त्या कामांवर मुले आजारी पडू लागली, दगावू लागली, म्हणून मे १९६० मध्ये धरमशाला येथे बालगृह सुरू झाले आणि पुष्कळ आईबापांनी आपली मुले तेथे ठेवली. म्हणजे भारतातसुद्धा घर दुसऱ्यांदा विभागले गेले. पुढे ऐंशीच्या दशकापासून तिबेटमधील पालक आपल्या लहान मुलांना वाटाड्यांबरोबर नेपाळमार्गे भारतातील तिबेटी शाळांत पाठवू लागले आणि स्वतः मागे राहिले. ती मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. ३० सप्टेंबर २००६ रोजी नांगपा ला या खिंडीत अशाच एका जथ्यावर चिनी सीमारक्षकांनी गोळीबार केला होता. २००८ च्या तिबेटमधील आंदोलनानंतर सीमेवरचा पहारा इतका कडक झाला की हा ओघ जवळजवळ आटला. शेवटची पांगापांग अमेरिका, कॅनडा, स्वित्झर्लंड येथे गेलेल्यांची. एकाच घरात या चारही प्रकारची माणसे असू शकतात, तेव्हा प्रत्येक ताटातुटीसाठी वहीत वेगळे पान ठेवावे.

भेट कोठे आणि केव्हा घ्यावी

हंगामात दुकानावर सविस्तर मुलाखत होत नाही. तेथे फक्त ओळख वाढवावी, आठवड्यातील कामाच्या दिवशी दुपारच्या निवांत वेळी जावे आणि रविवार टाळावा. खरी बैठक त्यांच्या मुक्कामाच्या ठिकाणी किंवा वसाहतीत होते. विदर्भातील तिबेटी वसाहत गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ आहे. १९७२ मध्ये ती वसली तेव्हा हा प्रदेश भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया वेगळा झाला तो १९९९ मध्ये. त्यामुळे वृद्धांच्या बोलण्यात आणि जुन्या कागदांवर 'भंडारा' असेच नाव येते. वसाहतीत जाण्यापूर्वी तेथील सेटलमेंट ऑफिसरला कळवून, आपण कोण आणि कशासाठी येत आहोत हे लेखी द्यावे. वृद्धांपैकी काही जण थंडीत बोधगयेला जातात, म्हणून आधी विचारून दिवस ठरवावा.

भेटल्यावर "ताशी देलेक" म्हणावे. आईच्या वयाच्या बाईंना आमाला, आजीच्या वयाच्या बाईंना मोमोला आणि वडीलधाऱ्या पुरुषांना पाला म्हणतात. नुसत्या नावाने हाक मारू नये. हाती आंबिया बहाराची संत्री असली तर ती सर्वांना चालतात. लोणी-मीठ घातलेला चहा पुढे आला तर थोडा तरी घ्यावा. पहिल्या भेटीत रेकॉर्डर बाहेर काढू नये. नागपूरचे बौद्ध वाचक दीक्षाभूमीच्या नात्याने या लोकांशी लवकर जवळीक साधतात आणि ती जवळीक खरीच असते. परंतु तिबेटी माणूस आपल्या धर्माविषयी जे सांगेल ते त्याच्या शब्दांत लिहावे, आपल्या परिचयाच्या साच्यात बसवू नये.

दुभाषी लागतोच. वृद्धांचे हिंदी व्यवहारापुरते असते, दुःख सांगण्याइतके नसते. घरातील नातवंडे हिंदी-मराठी उत्तम बोलतात, पण दोन अडचणी येतात. खाम आणि ईशान्येकडील अम्दो भागातील बोली ल्हासाच्या बोलीपेक्षा इतकी वेगळी आहे की वसाहतीत वाढलेल्या नातवाला आजोबांचे सगळे बोलणे कळतेच असे नाही. शिवाय आजीने आजवर नातवंडांपासून जे झाकून ठेवले ते ती त्यांच्याच तोंडून वदवणार नाही. म्हणून शक्य असल्यास त्याच प्रदेशातील, पण घराबाहेरील, प्रौढ व्यक्तीला दुभाषी म्हणून घ्यावे आणि मूळ तिबेटी बोलणे पूर्ण ध्वनिमुद्रित करावे. भाषांतर नंतर सुधारता येते. न मुद्रित झालेले वाक्य परत मिळत नाही.

वय आणि सन कसे जुळवावे

या भागावर थोडा वेळ द्यावा लागतो, पण येथे मेहनत घेतली की बाकीची हकिगत आपोआप जागेवर बसते. आपल्याकडे जुन्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकलेली असते. तिबेटी वृद्धांच्या नोंदणी प्रमाणपत्रावरची तारीखही पुष्कळदा तशीच अंदाजाने पडलेली असते. ती लिहून घ्यावी, पण तीवर हिशेब बांधू नये. त्याऐवजी जन्माचे प्राणिवर्ष विचारावे. तिबेटी पंचांगात बारा प्राणी आणि पाच तत्त्वे मिळून साठ वर्षांचे चक्र होते. उदाहरणार्थ वराह वर्ष १९३५, १९४७, १९५९ आणि १९७१ मध्ये आले, आणि त्यांची तत्त्वे अनुक्रमे काष्ठ, अग्नी, पृथ्वी व लोह अशी होती. समजा आजी म्हणाल्या, "माझे वर्ष वराह, आणि खिंड ओलांडली तेव्हाही वराहच वर्ष होते, मी तेरा वर्षांची होते." तिबेटी रीतीने जन्मताच वय एक धरतात आणि दर लोसरला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, त्यात एक मिळवतात. म्हणजे १९५९ मध्ये त्या तेरा, तर जन्म अग्नी-वराह वर्षातला, १९४७ चा. आपल्या हिशेबाने त्या तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या. तत्त्व आठवत नसले तरी प्राणी आणि त्या वेळचे वय एवढ्यावर सन पक्का होतो. लोसर फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असल्यामुळे जानेवारीतला जन्म तिबेटी पंचांगानुसार मागच्या वर्षात पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

महिना काढायचा असेल तर शेतीला आणि जनावरांना धरून विचारावे. जव पेरला होता का, याक वरच्या कुरणात होते का, खिंडीत बर्फ किती होता, नदी गोठलेली होती का. अशा चार प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळली की महिना ठरतो.

नावे, गावे आणि खुणा

तिबेटी लोकांत आपल्यासारखे आडनाव नसते. नाव बहुधा लामांनी ठेवलेले असते आणि तीच ती नावे हजारोंची असतात. म्हणून प्रत्येक नातलगासाठी नावाबरोबर घराण्याचे किंवा घराचे नाव, घरातील लाडके नाव, आईवडिलांची नावे, कोणी भिक्षू किंवा भिक्षुणी असल्यास मठाचे नाव आणि कितवे अपत्य, एवढे लिहावे. गावाचे नाव तिबेटी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून घ्यावे, शक्य असल्यास एखाद्या जाणकाराकडून तिबेटी लिपीतही, आणि शेजारी आजच्या नकाशावरील चिनी नाव. शिगात्से चिनी नकाशावर रिकाझे होते, चाम्दोचे चांगदू होते, ल्होखाचे शाननान होते. 'तिबेट' असा शिक्का असलेला स्वायत्त प्रदेश १ सप्टेंबर १९६५ रोजी जाहीर झाला, पण खाम आणि अम्दोचा मोठा भाग सिचुआन, चिंगहाय, गान्सू आणि युन्नान या प्रांतांत गेला. प्रांताचे नाव चुकले तर पुढे कोणालाही ते गाव सापडणार नाही.

शरीरावरच्या खुणा लिहायला संकोचू नये. कोरियन युद्धात दुरावलेल्या कुटुंबांसाठी दक्षिण कोरियाच्या दूरदर्शन वाहिनीने १९८३ मध्ये १३८ दिवस कार्यक्रम चालवला. लोक नाव, गाव, कोठे हात सुटला ते आणि अंगावरचे व्रण फलकावर लिहून उभे राहत, आणि त्यातून दहा हजारांहून अधिक भेटी घडल्या. तिबेटी घरांतही हेच उपयोगी पडते. एका आजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून मला एक रंगीत फोटो काढून दाखवला. तीन बायका भिंतीपाशी उभ्या आहेत, मागे तिबेटी अक्षरांत निळ्या शाईने दोनच नावे. बहिणीला शेवटचे पाहिले तेव्हा ती लहान मुलगी होती आणि फोटोत तिचे केस पांढरे झालेले. आजींनी मधल्या बाईच्या भुवईवर नख ठेवले. तेथे चुलीवर पडून झालेला व्रण होता, आणि त्यावरूनच त्यांनी तिला ओळखले होते. असा फोटो दोन्ही बाजूंनी टिपावा आणि टिपताना रेकॉर्डर चालू ठेवून "डावीकडून दुसरी, अमुक, भुवईवर व्रण" असे त्यांच्याच आवाजात म्हणवून घ्यावे. कागद, पत्रे, पाकिटे मागून घेऊन जाऊ नयेत. जागेवरच फोटो काढून लगेच परत द्यावेत.

काय विचारावे आणि काय विचारू नये

"भावाला मागे का ठेवले?" हा प्रश्न कधीही विचारू नये. तो साधा वाटला तरी आरोप आहे, आणि हा आरोप समोरची व्यक्ती आयुष्यभर स्वतःवर करत आलेली असते. "त्या रात्री घरात कोण कोण होते?" असे विचारले की कोण निघाले, कोण म्हाताऱ्या आईसाठी थांबले, कोण गुरे घेऊन वर गेलेले होते, हे एकेक करून येते आणि कारण त्यातच असते. माणसाने एक बाजू निवडली आणि दुसरी सोडली, अशी सरळ विभागणी अशा काळात क्वचितच असते. कोरियन युद्धानंतर युद्धकैद्यांची व्यवस्था पाहणाऱ्या भारतीय सैन्यदलाचे नेतृत्व मेजर जनरल एस. पी. पी. थोरात या मराठी सेनानीकडे होते, आणि त्या छावण्यांतील ८८ कैदी उत्तरेलाही नको आणि दक्षिणेलाही नको म्हणत १९५४ मध्ये भारतात आले होते. आपल्या प्रश्नांत तिसऱ्या, चौथ्या उत्तराला जागा हवी.

पाहिलेले आणि ऐकलेले यांतील फरक प्रत्येक वेळी नोंदवावा. थमझिंग म्हणजे जाहीर सभेत उभे करून मारहाण आणि निर्भर्त्सना, ज्यात शेजाऱ्यांना आणि प्रसंगी घरच्यांनाही आरोप करायला लावले जाई. याविषयी पुष्कळ वृद्ध सांगतील. तुम्ही स्वतः पाहिले का, नसल्यास कोणी सांगितले आणि केव्हा, एवढे शांतपणे विचारावे. ऐकीव माहितीही मोलाचीच असते, फक्त ती तशी लिहिलेली असली पाहिजे.

एक प्रश्न मात्र प्रत्येकाला विचारावा: पहिली बातमी केव्हा आली? १९५९ नंतर सुमारे वीस वर्षे, सांस्कृतिक क्रांतीच्या १९६६ ते १९७६ या काळात तर विशेषच, परदेशात नातलग असणे हा तिबेटमध्ये संशयाचा विषय होता आणि पत्रव्यवहार जवळजवळ थांबलेला होता. १९७९ मध्ये दलाई लामांचे पहिले शिष्टमंडळ तिबेटमध्ये जाऊ शकले, त्यानंतर पत्रे सुरू झाली, काही जणांना भेटीसाठी जाता-येता आले. आई पंधरा वर्षांपूर्वीच वारल्याचे पहिल्याच पत्रात कळले, असे सांगणारी माणसे भेटतात. ते पत्र कोणी वाचून दाखवले, तोवर तिच्यासाठी कोणती प्रार्थना चालू होती, बातमी कळल्यावर ती बदलली का, हे विचारता येते. पण त्यापूर्वी बोलणारी व्यक्ती थांबली तर आपणही थांबावे, रेकॉर्डर बंद करावा आणि त्या दिवशी पुढचा प्रश्न घेऊ नये. दीड तासाहून मोठी बैठक वृद्धांना झेपत नाही.

पलीकडच्या माणसाची सुरक्षितता

हकिगत कितीही अपुरी राहिली तरी चालेल, पण तिच्यामुळे तिबेटमधील एखाद्या नातलगाच्या दारात पोलीस जाता कामा नये. हा नियम बाकी सर्व सूचनांच्या वर आहे. भारतात बोललेल्या शब्दांसाठी तिकडच्या कुटुंबाला जाब विचारला जातो, हे तिबेटी लोक अनुभवाने जाणतात. म्हणूनच फोनवर ते हवापाण्याविषयी आणि तब्येतीविषयी बोलतात आणि बाकीचे आवाजाच्या चढउतारावरून ओळखतात. जून २०२० मध्ये भारताने वीचॅट या चिनी संदेश-ॲपवर बंदी घातल्यावर तो धागाही अनेक घरांत तुटला.

म्हणून हयात नातलगांची नावे, गावे, नोकऱ्या आणि फोटो वेगळ्या वहीत लिहावेत आणि मुख्य हकिगतीत त्यांच्या जागी 'मोठा भाऊ', 'धाकटी बहीण क' अशा खुणा ठेवाव्यात. दोन्ही वह्या एकाच बॅगेत किंवा एकाच ईमेलवर ठेवू नयेत. संपर्क सध्या कोणत्या मार्गाने होतो, पैसे कसे पोहोचतात, कोण कोणत्या वाटेने आले, वाटाड्या कोण होता, हे विचारूच नये. कोणी आपणहून सांगितले तरी लिहू नये. फोनमधील लोकेशन बंद करून फोटो काढावेत. मुलाखतीचा तुकडा समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह, तो कितीही हृदयस्पर्शी असला तरी, पूर्णपणे आवरावा.

संमती एकाच सहीत उरकू नये. नोंद सर्वांसाठी खुली ठेवायची, अभ्यासकांपुरती ठेवायची, ठरावीक वर्षे बंद ठेवायची की फक्त घरच्यांसाठी, हे चार पर्याय तिबेटीत समजावून सांगावेत, निवड त्यांच्या आवाजात मुद्रित करावी आणि मन बदलल्यास नोंद मागे घेता येईल हेही सांगावे. मृत व्यक्तीविषयी बोलतानाही तिची मुले तिकडे आहेत का, याची खात्री करून घ्यावी.

लिहून काढणे आणि प्रती देणे

साधा मोबाईल आणि कॉलरला लावायचा मायक्रोफोन पुरतो; फोन फ्लाइट मोडवर ठेवावा आणि पंखा बंद करावा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि उपस्थितांची नावे बोलून घ्यावीत. त्याच रात्री मूळ फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. लिहून काढताना सांगणाऱ्याची वाक्ये गुळगुळीत करू नयेत. एकच गोष्ट तीनदा सांगितली असेल तर तिन्ही वेळची ठेवावी, कारण तिसऱ्या वेळी नवे माणूस कथेत आलेले असते. वंशवृक्ष काढताना ज्याचा पत्ता लागत नाही त्याच्यापुढे 'मृत' लिहू नये. शेवटची बातमी कोणत्या सनातली आणि कोणाकडून आली तेवढेच लिहावे.

मसुदा तयार झाल्यावर तो दुभाष्याकरवी पूर्ण वाचून दाखवावा आणि सांगितलेल्या दुरुस्त्या विनातक्रार कराव्यात. खोडायला सांगितलेला परिच्छेद खोडावा. हे वाचन जानेवारीच्या मध्यापूर्वी नागपुरातच उरकता आले तर उत्तम. दुकाने उठल्यावर त्यासाठी गोठणगावला जावे लागते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लोसरची गडबड असते. अंतिम प्रत आणि मूळ ध्वनिमुद्रण प्रथम कुटुंबाला द्यावे, पेन ड्राइव्हबरोबर मोठ्या टायपातील छापील प्रतही. कुटुंबाची लेखी परवानगी असेल तरच दुसरी प्रत धरमशाला येथील तिबेटी ग्रंथ व अभिलेख ग्रंथालयाकडे पाठवावी. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत मौखिक इतिहासाचे काम चालते आणि तिबेटी बोली जाणणारी माणसे तेथे आहेत. नावांची वेगळी वही मात्र कोठेही पाठवू नये, ती कुटुंबाच्याच हाती सोपवावी आणि आपल्याकडे तिची प्रत ठेवू नये.